फेअर म्हणजे गोरं, रास्त की जेमतेम?

मागच्या अंकात विचारलं होतं की 'फेअर' या शब्दावर तुमचं कुठे अडतं ते लिहून पाठवा, आणि इतके मेसेज आलेत की बाकीचे शब्द या महिन्यापुरते बाजूलाच ठेवलेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, एकाच तऱ्हेचे प्रश्न होते ते एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रं थोडी कापून घेतलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा ऊस कारखान्याला जातो त्यामुळे एफआरपी, एफआरपी हे रोजचंच. मुलगी नववीत आहे, तिनं विचारलं पप्पा एफ म्हणजे काय, मी म्हटलं फेअर, तर ती म्हणे फेअर म्हणजे गोरा, मग 'गोरा दर' कसा काय? मला काही सांगता येईना. आणि दुसरं असं की फेअर म्हणजे योग्य असेल तर कारखान्यानं तेवढाच द्यायचा असतो का, जास्त दिला तर तो फेअर राहत नाही का?
— एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका

दादा, मुलीला सांगा की तिचं चुकलेलं नाही, फक्त तिला नंतर आलेला अर्थ आधी शिकवलाय. फेअर हा हजार वर्षांपेक्षा जुना शब्द आहे आणि सुरुवातीला त्याचा अर्थ होता सुंदर, बघायला बरं वाटणारं. त्याच्या उलट शब्द फाउल, म्हणजे घाण, ओंगळ. जे सुंदर ते बिनडागाचं, आणि हा 'बिनडागाचं' अर्थ धरून पुढे चाललात की सगळे अर्थ आपोआप लागत जातात बघा. आभाळावर डाग नाही म्हणजे ढग नाहीत, ते फेअर वेदर. कागदावर खाडाखोड नाही, ती फेअर कॉपी. माणसाच्या मनात काळंबेरं नाही, तो फेअर वागतो, आणि व्यवहारात लबाडी नाही तर तो व्यवहार फेअर. तुमचा एफआरपी या शेवटच्या घरातला. फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस, मराठीत रास्त आणि किफायतशीर दर. यात दोन वेगळी आश्वासनं आहेत, रास्त म्हणजे कुणी फसवलेलं नाही असा आणि किफायतशीर म्हणजे खर्च भागून हातात काही उरेल असा. नुसतं रास्त म्हटलं असतं तर हातात काही उरायची हमी त्या शब्दात आली नसती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो जास्त महत्त्वाचा आहे. २००९ पर्यंत याच दराचं नाव होतं एसएमपी, स्टॅट्युटरी मिनिमम प्राइस, म्हणजे कायद्यानं ठरवलेला किमान दर. मग १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात बदल झाला आणि २००९-१० च्या हंगामापासून नाव एफआरपी झालं. नावातून 'मिनिमम' गेला आणि 'फेअर' आला, पण कायद्याच्या दृष्टीनं तो आजही किमान दरच आहे, त्याच्या खाली जाता येत नाही, वर कितीही देता येतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० ठरलाय, उतारा जास्त तर दर जास्त, आणि आपल्याकडे त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते हे तुम्हाला मी सांगायला नको. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, हेही त्याच आदेशात आहे. त्यामुळे कुणी तुम्हाला म्हणालं की "आम्ही फेअर दर दिला, आता आणखी काय पाहिजे", तर तो शब्द वापरून किमान दरालाच भरपूर म्हणतोय हे ओळखा. नावात फेअर आहे म्हणून तो आकडा न्यायाचा शेवटचा शब्द होत नाही, ती खालची पायरी आहे.

जाता जाता, रेशनच्या दुकानाला इंग्रजीत फेअर प्राइस शॉप म्हणतात आणि मराठी पाटीवर रास्त भाव दुकान. तिथे कुणी 'उचित मूल्य' वगैरे लिहायच्या भानगडीत पडलं नाही हे फार बरं झालं. रास्त आपल्याकडे फारसीतून आला, वाजवी अरबीतून, आणि आता दोन्ही इतके आपले झालेत की बाजारात भाजी घेताना तोंडातून निघतात.

प्रश्न : मी मेळघाटातल्या एका गावात शिक्षक आहे. ग्रामपंचायतीत जुने कागद बघताना आमच्या रस्त्यापुढे इंग्रजीत 'फेअर वेदर रोड' असं लिहिलेलं दिसलं. गावात चर्चा अशी की सरकारी कागदावर आपला रस्ता 'फेअर' म्हणजे चांगला दाखवलाय म्हणूनच नवा मंजूर होत नाही. खरंच असं असेल का?
— एक शिक्षक, धारणी

सर, अर्थ बरोबर उलटा आहे. फेअर इथे रस्त्याला लागत नाही, वेदरला लागतो. फेअर वेदर म्हणजे उघाड, आणि फेअर वेदर रोड म्हणजे फक्त उघाडीत चालणारा रस्ता, पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं, चिखल झाला की बंद. त्याच्या उलट ऑल वेदर रोड, त्याला आपल्याकडे बारमाही रस्ता म्हणतात आणि तो शब्द छानच आहे. म्हणजे कागद असं म्हणतोय की या गावाला बारमाही रस्ता नाही. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली ती नेमकी याच गावांसाठी, ज्यांना बारमाही रस्ता नाही अशा वस्त्या जोडायच्या, सपाट भागात ५०० च्या वर लोकसंख्या आणि डोंगराळ, आदिवासी भागात २५० च्या वर असा निकष होता. तेव्हा तो कागद लपवू नका, त्याची झेरॉक्स काढून अर्जाला जोडा. तुमच्या बाजूचा पुरावा आहे तो. गावाची समजूत एका शब्दानं इतकी उलटी फिरावी याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून तुमचं पत्र जवळजवळ सगळ्यात वर घेतलं.

यावरूनच फेअर-वेदर फ्रेंड, सुखाचा सोबती, दिवस बरे असतील तोवर बरोबर असणारा. इथेही मित्र फेअर नाहीये, हवा फेअर आहे.

प्रश्न : माझ्या लग्नाचं बघतायत. मामानं बायोडेटा इंग्रजीत केला आणि 'कॉम्प्लेक्शन'पुढे 'व्हीटिश फेअर' लिहिलं. मी म्हटलं मी सावळी आहे, डार्क लिहा नाहीतर ती ओळच काढा, तर घरात सगळे चिडले. मला विचारायचंय की फेअर म्हणजे सुंदर असाच अर्थ असेल तर डार्क म्हणजे काय मग? आणि व्हीटिश फेअर असं इंग्रजीत असतं का?
— एक वाचक, नाशिक

आधी छोटं उत्तर. व्हीटिश हा शब्द भारतातच चालतो, लंडनमध्ये कुणाला म्हणालात तर तो गव्हाच्या पावाबद्दल काही असेल असं समजेल. गव्हाळचं ते इंग्रजी केलंय आपण. आणि 'व्हीटिश फेअर' म्हणजे निमगोरा लिहायचा प्रयत्न आहे, तोही इंग्रजीत नाही. तिकडे फेअर हा रंग मुख्यतः केसांसाठी वापरतात, फेअर हेअर म्हणजे सोनेरी, फिकट केस, आणि फेअर स्किन म्हणजे उन्हात पटकन लाल होऊन भाजणारी त्वचा. सनस्क्रीनच्या ट्यूबवर फेअर स्किनसाठी म्हणून लिहितात तेव्हा ते कौतुक नसतं, काळजी घ्या असं सांगणं असतं.

आता मोठं उत्तर. फेअरचा मूळ अर्थ सुंदर, हे मी वर लिहिलंय. मग त्याच लोकांनी आपल्यातल्या फिकट रंगाच्या माणसांना सुंदर ठरवलं आणि हळूहळू 'सुंदर' हा शब्दच 'फिकट रंगाचा' या अर्थानं चालायला लागला. म्हणजे गोरेपण सुंदर असतं असं त्या शब्दानं कुठेही सिद्ध केलेलं नाही, एका थंड देशातल्या लोकांनी आपली आवड शब्दाला चिकटवली, एवढंच. ती आवड आपण शब्दाबरोबर फुकटात उचलली आणि वर आपली जुनी आवड तिला जोडली. १९७५ मध्ये आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' आली, त्या नावात दोन शब्द शेजारी ठेवलेत, गोरी आणि गोड, आणि तीन पिढ्यांच्या मुलींनी ते रोज सकाळी आरशासमोर वाचलं. २०२० मध्ये कंपनीनं नावातून फेअर काढून ग्लो टाकला. नाव बदललं हे चांगलंच झालं, पण बायोडेटातली ओळ अजून कुणी काढली नाहीये.

तुम्ही विचारलंत डार्क म्हणजे काय. डार्क म्हणजे गडद, बस. त्यात कुरूप हा अर्थ कुठल्याही डिक्शनरीत नाही. टॉल, डार्क अँड हँडसम असं इंग्रज पुरुषांबद्दल कौतुकानं म्हणत आलेत, जरी तिथे डार्क म्हणजे बहुतेक वेळा काळेभोर केस आणि थोडा सावळा चेहरा असा अर्थ असतो. आणि मराठीत तर आपल्याकडे सावळा हा शब्द आहे, ज्या भाषेत विठ्ठलाला सावळा म्हणून आळवतात त्या भाषेतल्या घरात 'सावळी' लिहायला लाज का वाटावी? माझं मत विचारलंत तर डार्कही लिहू नका, ती ओळच नको. उंची, शिक्षण, नोकरी, आवडीनिवडी लिहा, फोटो सोबत जातोच. घरच्यांना सांगायचं तर असं सांगा की इंग्रजी बायोडेटात कॉम्प्लेक्शन लिहिणं बाहेरच्या देशात राहणाऱ्या स्थळांनाही खटकतं, आणि ते खरंही आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्या रूममेटला अ‍ॅक्सिडेंट झाला आणि हॉस्पिटलनं त्याची कंडिशन 'फेअर' आहे असं सांगितलं. मी हे ऐकून घाबरले, कारण आमच्या शाळेत प्रगतिपुस्तकावर फेअर शेरा म्हणजे काठावर पास. मुलगा म्हणतो आई काळजी करू नको, फेअर म्हणजे बरा आहे. मग त्याच्याच क्रेडिट स्कोअरला पण फेअर आलंय आणि बँक लोनला जास्त व्याज मागतेय. हे कसं?
— एक आई, डोंबिवली

ताई, दोन्हीकडे फेअर म्हणजे 'बरा', पण बरा म्हणजे किती बरा हे त्या पट्टीवर वर-खाली काय आहे त्यावर ठरतं. तिकडच्या हॉस्पिटलांमध्ये बाहेर माहिती देताना साधारण चार शब्द वापरतात, गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल. यात फेअर दुसऱ्या नंबरवर आहे. नाडी, रक्तदाब, श्वास व्यवस्थित, पेशंट शुद्धीत, फक्त त्याला त्रास होत असू शकतो, दुखत असेल, पण लक्षणं चांगली आहेत. म्हणजे तुमचा मुलगा बरोबर सांगत होता, हे ऐकून घाबरायचं कारण नाही.

क्रेडिट स्कोअरचं उलट. तिथे ३०० ते ८५० च्या फायको नावाच्या पट्टीवर ५८० ते ६६९ ला फेअर म्हणतात, वर गुड, त्याच्या वर व्हेरी गुड, त्याच्याही वर एक्सेप्शनल, आणि खाली फक्त पुअर. म्हणजे पाच पायऱ्यांतली खालून दुसरी, आणि म्हणून बँक जास्त व्याज मागते. ६७० ला पोचला की गुड. नवीन गेलेल्या मुलांचा स्कोअर कमी असतो कारण त्यांचा तिथला जुना हिशोबच नसतो, हप्ते आणि कार्डाचं बिल वेळेवर भरत राहिला की वर येतो.

जुनी पुस्तकं, जुन्या गाड्या ऑनलाइन घेणाऱ्यांनी पण हे नीट वाचा. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर अशी उतरण असते, आणि फेअर म्हणजे मजकूर सगळा आहे पण पुस्तक चांगलंच वापरलेलं, मलपृष्ठ सुटत आलेलं, कोरी पानं किंवा शीर्षकपानाच्या आधीचं, नुसतं नाव छापलेलं पान गेलेलं असू शकतं. गाडी फेअर कंडिशनमध्ये म्हटली तर मेकॅनिक बरोबर घेऊन जा. तुमच्या प्रगतिपुस्तकातला फेअर याच घरातला, त्याला आपला अगदी नेमका शब्द आहे जेमतेम. इंग्रजीत तोच विचार जास्त सभ्यपणे सांगतात म्हणून तो कानाला गोड लागतो आणि गैरसमज होतो.

प्रश्न : मी हिंजवडीत आयटीत आहे, क्लायंट यूकेचा. मी काही सांगितलं की तो म्हणतो 'फेअर अनफ'. हे चांगलं की वाईट? त्याला पटलं की तो वैतागला? आणि डेमोनंतर मेलमध्ये 'फेअरली गुड' लिहिलं होतं, मी टीमला पार्टी दिली, मॅनेजर म्हणाला पार्टी कसली देतोस, नाराज आहे तो.
— एक वाचक, पुणे

मॅनेजरचं बऱ्यापैकी बरोबर आहे. फेअरली म्हणजे बऱ्यापैकी, आणि फेअरली गुड हे गुडपेक्षा खाली आहे, वर नाही. आपल्याला वाटतं पुढे एखादा शब्द लावला की वजन वाढतं, व्हेरी गुड, रिअली गुड तसं फेअरली गुड, पण फेअरली वजन कमी करतो. इंग्रज माणूस नाराजी थेट सांगायला अवघडतो, तो अशा एका शब्दात सांगतो आणि तुम्ही समजून घ्याल असं धरतो. पुढच्या वेळी असं आलं की लगेच विचारा, काय सुधारलेलं तुम्हाला आवडेल, तो खूश होऊन सगळं सांगेल. पार्टी फुकट गेली असं समजू नका, टीमनं काम केलंच होतं.

मात्र लक्षात ठेवा, फेअरच्या आधी 'अ' लावून तो नामाबरोबर आला की वजन वाढवतो. अ फेअर अमाउंट, अ फेअर बिट, अ फेअर फ्यू हे सगळे म्हणजे बरेच, चांगले पुष्कळ. "देअर आर अ फेअर फ्यू बग्ज" असं लिहिलं तर 'थोडेसे बग आहेत' असं वाचू नका, भरपूर आहेत असं म्हणतोय तो. मला वाटतं आपल्या मुलांना शाळेत हे कुणी सांगतच नाही आणि नोकरीत पहिल्या वर्षी सगळे इथेच आपटतात.

फेअर अनफचं असं आहे, याला शब्दाला शब्द लावून मराठी करायला गेलात की काहीच हाती लागत नाही. आपण म्हणतो ना, "बरं, पटलं", किंवा "ठीक आहे, मान्य", तेच. तुमचा मुद्दा त्यानं घेतलाय, त्यावर आता वाद घालणार नाही. त्याला आनंद झालाय असं त्यात नाही, रागही नाही. फक्त आवाज बघा, पटकन म्हणाला तर खरंच पटलं, उसासा टाकून लांबवून म्हणाला तर पटलेलं नाही पण सोडून देतोय. फेअर पॉइंट हे जरा वरचं, म्हणजे हो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि वाक्याची सुरुवात 'टू बी फेअर' अशी झाली की कान टवकारा, कारण आता तो आधी जे बोलला त्याच्या दुसऱ्या बाजूचं काहीतरी बोलणार, "खरं सांगायचं तर त्यांचीही बाजू आहे" या धर्तीवर. आपल्याकडे हल्ली तरुण मुलं मराठी बोलतानाही "टू बी फेअर, त्यानं ट्राय केलं होतं" असं म्हणतात आणि ते बरोबर वापरतात.

प्रश्न : आमच्या गल्लीत भांडण झालं. बॉलरनं बॉल टाकायच्या आधी नॉन स्ट्रायकरला आउट केलं, तो म्हणाला अनफेअर, बॉलर म्हणाला रूलमध्ये आहे. अनफेअर म्हणजे नियमाविरुद्ध का? मी दहावीत आहे.
— सातारा

फार चांगला प्रश्न विचारलास. अनफेअर आणि नियमाविरुद्ध हे एक नाही, आणि क्रिकेटइतकं हे कुठेच स्पष्ट दिसत नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी टेस्टमध्ये आपल्या विनू मंकडनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असंच आउट केलं, ब्राउन बॉल पडायच्या आत क्रीज सोडून पुढे जात होता आणि आधीच्या एका मॅचमध्ये मंकडनी त्याला ताकीदही दिली होती. नियमात होतं, तरी तिथल्या पेपरांनी आरडाओरडा केला आणि तेव्हापासून अशा आउटला मंकडांचं नाव चिकटलं. खुद्द डॉन ब्रॅडमन, जे समोरच्या टीमचे कॅप्टन होते, त्यांनी मंकडांची बाजू घेतली हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

आता शब्दाची गंमत अशी की हा नियम क्रिकेटच्या कायद्यात २०१७ पासून ४१ व्या कलमात होता आणि त्या कलमाचं नावच आहे अनफेअर प्ले. त्यात वागणं अनफेअर होतं बॅट्समनचं, तो चोरून पुढे जातो म्हणून, पण कलमाच्या नावामुळे बॉलरच काहीतरी वाईट करतोय असा वास यायचा. शेवटी क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या क्लबनं १ ऑक्टोबर २०२२ पासून तो नियम तिथून काढून ३८ व्या कलमात, रन आउटमध्ये नेला. म्हणजे आता तो साधा रन आउट. आणि त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, २४ सप्टेंबरला लॉर्ड्सवर आपल्या दीप्ती शर्मानं इंग्लंडच्या चार्ली डीनला तसंच आउट केलं आणि सगळीकडे पुन्हा तेच, फेअर की अनफेअर. माझ्या मते शंभर टक्के फेअर होतं. क्रीज सोडून दोन पावलं फुकट मिळवणारा फेअर आणि त्याला पकडणारा अनफेअर, असं कसं चालेल?

तर तुझं उत्तर, नियमाविरुद्ध असेल तर इंग्रजीत म्हणतात इल्लीगल किंवा अगेन्स्ट द रूल्स. अनफेअर म्हणजे नियमात बसो न बसो, समोरच्याला खेळायची सारखी संधी न देणारं. आपल्याकडे त्याला गल्लीतला अस्सल शब्द आहेच, रडीचा डाव. आणि एक सांगते, 'प्ले फेअरली' असं फारसं म्हणत नाहीत, 'प्ले फेअर' म्हणतात, पेपरात आलं तर घाबरू नकोस.

प्रश्न : ऑफिसमध्ये साहेब म्हणतात 'हे फेअर करून आणा', शाळेत मुलांची फेअर वही असते. हे इंग्रजीत बरोबर आहे का?
— एक लिपिक, लातूर

फेअर कॉपी हे अस्सल इंग्रजी आहे, कच्चा मसुदा तपासून झाल्यावर खाडाखोड न करता उतरवलेली प्रत. बाकी फेअर वही, रफ वही आणि 'फेअर करणे' हे आपलं. मराठी बोलताना बिनधास्त वापरा, त्यात काही वावगं नाही, सगळ्या महाराष्ट्राला कळतं. इंग्रजीत पत्र लिहिताना मात्र 'मेक अ फेअर कॉपी' लिहा, कारण तिकडे 'टू फेअर' असं क्रियापद वापरतात ते बोटीचा सांगाडा गुळगुळीत करायला.

प्रश्न : निवडणुकीतलं 'फ्री अँड फेअर', भूसंपादनातलं 'फेअर कॉम्पेन्सेशन', कोर्टातलं 'फेअर ट्रायल', या सगळ्यांना मराठीत एकच शब्द का नाही? भाषांतर करताना फार घोळ होतो.
— एक भाषांतरकार, छत्रपती संभाजीनगर

एकच शब्द नाही हे आपलं नशीब समजा. मतदार दिनाला जी शपथ घेतात तिच्यात आहे मुक्त, निःपक्षपाती आणि शांततापूर्ण वातावरण, तिथे फेअरचं निःपक्षपाती केलंय, कारण निवडणुकीत मुद्दा आहे कुणाची बाजू न घेण्याचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या मराठी नावात वाजवी भरपाई आहे, कारण तिथे मुद्दा आहे रकमेचा, शेतकऱ्याला जे गेलं त्याच्या तोडीचं मिळालं का. तिथे निःपक्षपाती भरपाई लिहिलं असतं तर कुणालाच काही बोध झाला नसता. फेअर ट्रायलला निष्पक्ष सुनावणी चालतं, पण नुसतं न्यायाधीशानं बाजू न घेणं एवढंच त्यात नाही, वकील मिळणं, आपलं म्हणणं मांडायला मिळणं, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येणं हे सगळं त्यात आहे, म्हणून मी जमेल तिथे न्याय्य सुनावणी लिहिते.

माझी पद्धत सांगते. फेअर आला की मी आधी त्याच्यापुढचं नाम बघते, मग विचारते इथे फेअर नसतं तर काय झालं असतं. दर फेअर नसता तर लूट झाली असती, म्हणून रास्त. पंच फेअर नसता तर त्यानं बाजू घेतली असती, म्हणून निःपक्षपाती. वाटणी फेअर नसती तर कुणाला कमी आलं असतं, तिथे न्याय्य. आणि हो, फेअर म्हणजे समान नव्हे, इथे चांगले चांगले भाषांतरकार घसरतात. ज्यानं बापाचं आजारपण काढलं आणि जो दहा वर्षं फिरकला नाही त्या दोघांना सारखं देणं हे इक्वल होईल, फेअर होईलच असं नाही. आपल्या घराघरांत यावर भांडणं होतात आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी 'समान' आणि 'न्याय्य' असे दोन वेगळे शब्द मागत असतात.

प्रश्न : दहावीच्या निरोप समारंभाचा बॅनर करतोय. एक सर म्हणतात फेअरवेल एफ-ए-आय-आर नी सुरू होतो कारण फेअर म्हणजे चांगलं, दुसरे म्हणतात एफ-ए-आर-ई. आणि जत्रेला फेअर म्हणतात, बसच्या तिकिटाला पण फेअर, मग हे सगळे एकच का?
— एक शिक्षिका, चिपळूण

मॅडम, दुसरे सर बरोबर. मराठीत लिहिलं की सगळे 'फेअर'च दिसतात म्हणून हा गोंधळ. जत्रेचा फेअर लिहायचा एफ-ए-आय-आर असाच, पण त्याचं कूळ वेगळं, तो लॅटिनमधून, सणासुदीच्या सुट्टीचा शब्द होता, सणाला बाजार भरायचा म्हणून जत्रा. बुक फेअर, जॉब फेअर हे त्यातले, त्यांचा सुंदर, रास्त याच्याशी काही संबंध नाही. तिकिटाचा एफ-ए-आर-ई, त्याचा जुना अर्थ जाणं, प्रवास करणं, म्हणून प्रवासाचं भाडं. फेअरवेल याच प्रवासातला, फेअर आणि वेल, नीट जा, सुखरूप जा. बॅनरवर ए नंतर आर, मग ई, मग डब्ल्यू-ई-एल-एल, सगळं एकत्र, मध्ये जागा नाही. छापायला देण्याआधी प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या, फ्लेक्सवाले ए-आय-आर फार सर्रास टाकतात.